फेरतपासणीसाठी अर्ज

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक साहेब, परभणी.
अर्जदार प्रयाग मुंजाजी कासार,
वय एकेचाळीस, राहणार मानवत,
धंदा बांगड्या भरणे.

महोदय,
कार्डावर माझे छत्तीस टक्के आलेत.
पगार चालू व्हायला चाळीस लागतात,
असं तहसीलच्या खिडकीतल्या बाईनं
आधी चार बोटं दाखवून,
मग मूठ मिटून सांगितलं.
मूठ म्हणजे शून्य, हे मला लगेच समजलं.
मला लगेच समजतं.
तीच तर भानगड झाली.

त्या दिवशी तुमच्याकडच्या काचेच्या खोलीत
एका पोरानं माझ्या कानांवर दोन काळ्या वाट्या बसवल्या
आणि वाचायला कागद दिला:
आवाज आला की बोट वर करा.
आवाज आला नाही.
पण काचेत त्याचा हात दिसायचा.
बटण दाबताना अंगठा जरासा वाकायचा
आणि मी बोट वर करायचे.
तो मान डोलवायचा. मला बरं वाटायचं.

लबाडी म्हणा, पण उलटी लबाडी, साहेब.
सातवीत नापास झाले तेव्हा बापानं शाळा सोडवली.
तवापासून समोर कुणी कागद घेऊन बसलं
की मला बरोबर यायचंच असतं.

नऊ वर्षं झाली.
टीबीच्या सुया घेतल्या, खोकला गेला,
त्याच्या मागं मागं कान गेले.
पहिल्यांदा सासूच्या हाका गेल्या,
त्याचं लई वाईट वाटलं नाही.
मग दीपमालाचं पाठांतर गेलं.
ती आजही पाढे माझ्याकडं तोंड करून म्हणायली,
मी ओठ बघून चूक काढते.

गिऱ्हाइकाला मी सांगत नाही.
बहिरीच्या हातात हात कोण देईल?
मनगट धरलं की दोन-चार की दोन-सहा
ते हाडच सांगतं.
काच पिचली तर बाईच्या भुवईवरून कळतं.
बाया हसल्या की मी हसते.
काहून हसल्या, ते घरी येताना
रस्ताभर शोधत बसते.

निकालाचा कागद बघून दीपमालानं
वहीच्या मागच्या पानावर लिहिलं,
मम्मे, तिथं नापास व्हायचं असतंय.

म्हणून मागच्या बुधवारी दुसऱ्यांदा आले.
सकाळच्या एसटीनं, उपाशी,
कारण उपाशी यायचं का जेवून, ते विचारायचं राहिलं होतं.
शिपाई तोंडात गुटखा धरून नावं पुकारत होता.
असले ओठ वाचता येत नाहीत.
शेजारचे उठले की मी अर्धी उठायचे, परत बसायचे.
तीन वाजता बाकडं रिकामं झालं
आणि माझ्या कागदावर शिक्का बसला:
पुकारा केला असता गैरहजर.

मी हजर होते.
पाण्याच्या टाकीजवळ, जांभळं लुगडं, हातात पिशवी.
ऐकू येत नाही म्हणून आलेल्या माणसाची
हाक मारून हजेरी घेतात,
यावर मला काही लिहायचं नाही.
लिहिलं तर अर्ज लांबेल.

विनंती एवढीच, की
डोक्याला वायरी लावून करायची तपासणी असते म्हणे,
तिच्यात माणसाला काहीच विचारत नाहीत,
नस आपली आपण बोलते,
ती माझी करावी. संभाजीनगरला जावं लागलं तरी जाईन.
नाव पुकारू नये. खांद्याला हात लावावा.

सोबत जोडलं आहे:
कार्डाची झेरॉक्स, रेशनकार्ड,
सुयांचं जुनं पिवळं कार्ड
(चहाचा डाग माझाच आहे, तारखा वाचता येतात).
फोन नंबर दीपमालाचा आहे,
तिची दुपारची शाळा असते, मेसेज टाकावा.
अंगठा नको, मला सही येते.

ता.क.
परत त्याच काचेच्या खोलीत बसवणार असाल,
तर त्या पोराला माझ्या पाठीमागं बसवा.
पोरगं चांगलं आहे.
पण समोर दिसलं तर माझा भरवसा नाही,
मी बोट वर करीन.